भरीत, शेकोटी आणि हिमदंश

थंडी पडली की जळगाव जिल्ह्यात भरीत पार्ट्यांचा हंगाम सुरू होतो, हे माझ्या नेहमीच्या वाचकांना सांगून झालेलं आहे. बामणोदची ती मोठाली हिरवी वांगी, कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर भाजायची, लसूण-मिरची घालून लाकडी भांड्यात ठेचायची आणि कळण्याच्या भाकरीबरोबर हाणायची. यंदाची आमची पार्टी मेहुण्यांच्या शेतात झाली. माझा एक जुना विद्यार्थी धुळ्याहून एसटीने मुद्दाम आला होता. मी ज्या खेड्यातल्या हायस्कूलात पस्तीस वर्षं इतिहास-भूगोल शिकवला, त्याच गावचा. सैन्यातून निवृत्त होऊन आता शेती करतो.

वांगी भाजून झाली, निखारे उरले. सगळे पाय पसरून निखाऱ्यांभोवती बसले. हा मात्र पाच-सहा हात लांब, बाजेवर, पायात बूट तसेच. माझी नात बारा वर्षांची. तिला अशा गोष्टी लगेच दिसतात. "काका, तुम्हाला थंडी नाही का वाजत? इकडे या ना."

तो हसला. "वाजते ना बेटा. सगळ्यात जास्त मलाच वाजते. पण माझे पाय विस्तवाजवळ न्यायला बंदी आहे. भाजले तरी मला कळत नाही."

मग तिने विचारलं आणि त्याने दाखवलं. आधी "सर, काढू का बूट?" म्हणून माझी परवानगी घेतली. पन्नाशी उलटलेला माणूस, अजून परवानगी घेतो! उजव्या पायाची दोन बोटं नाहीत. डाव्या पायाला पाचही नाहीत. डाव्या बुटात पुढे स्पंजसारखं काहीतरी भरलेलं होतं. नात गप्प झाली, आणि मग आजकालच्या मुलांसारखा सरळ प्रश्न टाकला, "मग डॉक्टरांनी काय केलं?"

तो जे सांगत गेला त्यातलं निम्मं मला माहीत होतं, कारण ती पत्रं मीच वाचली होती. उरलेलं निम्मं त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

१९९७ सालचा हिवाळा. सियाचीनवर आपलं सैन्य एप्रिल १९८४ पासून आहे, 'ऑपरेशन मेघदूत' तेव्हाचं. अठरा ते एकवीस हजार फुटांवरच्या चौक्या. तिथे उणे पन्नास अंशांपर्यंत तापमान जातं आणि गोळीपेक्षा हवामानानेच माणसं जास्त गेली आहेत. गोळीबार तर नोव्हेंबर २००३ पासून थांबलेला आहे, थंडी थोडीच थांबते! तर हा पोरगा एका चौकीवरून दुसरीकडे जाणाऱ्या तुकडीत होता. वाटेत डावा पाय मांडीपर्यंत बर्फात रुतला, बुटात बर्फ शिरलं, मोजा ओला झाला. वादळ आलं. रात्र एका छोट्या तंबूत काढावी लागली. सकाळी चालताना बोटं आपली नाहीतच असं वाटत होतं, म्हणाला. "लाकडाची खुंटी बांधल्यासारखं, सर. दुखत नव्हतं. दुखत नाही म्हणून बरं वाटत होतं."

इथेच सगळी गोम आहे. रक्त आधी हृदय-मेंदूकडे, बोटांना शेवटी. हातापायांच्या टोकांच्या नसा आवळल्या जातात, मग पेशींच्या आतबाहेर बर्फाचे स्फटिक होतात. जोवर दुखतंय तोवर जीव आहे. दुखायचं थांबलं की घाबरायचं. (मला मधुमेह आहे. आमचे डॉक्टर पायांबद्दल नेमकं हेच मला दर तीन महिन्यांनी बजावतात.)

चौकीवर पोचल्यावर काय केलं? रॉकेलच्या स्टोव्हवर बर्फ वितळवून पाणी केलं. चौकीवर डॉक्टर नव्हता, नर्सिंग असिस्टंट होता. त्याने वायरलेसवर खालच्या डॉक्टरला विचारलं. डॉक्टरचा पहिला प्रश्न, "याला आता चालावं लागणार आहे का?" चालायचं असेल तर पाय गोठलेलाच ठेवून चालवतात, कारण एकदा वितळलेला पाय पुन्हा गोठला तर मग काही शिल्लक राहत नाही. हेलिकॉप्टर चौकीपर्यंत येणार होतं, हवा उघडली की. म्हणून डॉक्टर म्हणाले, आत्ताच शेका. पाणी सदतीस ते एकोणचाळीस अंश, त्याहून जास्त नाही. थर्मामीटर नसेल तर कोपर बुडवून बघा. आमच्याकडे बाळंतिणीच्या खोलीत आजी न्हाणीचं पाणी कोपरानेच बघायची. पाणी गार होत जाईल तसं नवीन गरम ओतायचं, पण पाय बाहेर काढून. साधारण अर्धा तास, बोटं लालसर-जांभळी आणि मऊ होईपर्यंत.

"आणि दुखायला लागलं तेव्हा, सर, मी आईला हाका मारल्या. इंजेक्शन दिलं होतं तरी."

दुसऱ्या दिवशीही हेलिकॉप्टर आलं नाही, तिसऱ्या दिवशी आलं. मग नुब्रा खोऱ्यातल्या हुंडरचं फील्ड हॉस्पिटल, तिथून लेहचं मोठं लष्करी हॉस्पिटल, पुढे चंडीगडजवळ चंडीमंदिरचं कमांड हॉस्पिटल. वाचताना हा प्रवास भराभर होतो. त्याला चार महिने लागले.

आता माझी बाजू सांगतो.

त्याचे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, निरक्षर. कोरडवाहू पाच एकर. पोस्टमन निळं आंतर्देशीय पत्र देऊन गेला की आबा ते धोतराच्या सोग्यात बांधून शाळेत येत. मधल्या सुट्टीत मी वाचून दाखवायचो आणि उत्तरही मीच लिहायचो. पत्ता '५६ ए. पी. ओ.', म्हणजे माणूस नक्की कुठे आहे ते कळायचं नाही. पहिल्या पत्रात 'पायाला थोडं थंडीचं लागलं आहे, काळजी करू नये' एवढंच होतं. आबा गप्प. मागे त्याची माय उभी होती, पदर तोंडाशी धरून. तिने एकच विचारलं, "गुरुजी, मना आंडोर जिता शे ना?" मी म्हटलं, "अहो माय, त्यानेच लिहिलंय पत्र."

दुसऱ्या-तिसऱ्या पत्रात तपशील आले. आधी फोड आले. काहींत पाणी होतं, काहींत रक्त. रक्ताचे फोड म्हणजे इजा खोल. मग बोटं काळी पडत गेली, वाळत गेली. खारकेसारखी झाली आहेत, असं त्याने लिहिलं होतं. रोज दोनदा कोमट पाण्यात औषध टाकून पाय बुडवतात, टिपून कोरडे करतात, कोरफडीचा गर लावतात, बोटांच्या मध्ये कापूस ठेवतात, पाय उशीवर उंच. धनुर्वाताचं इंजेक्शन, सूज उतरायच्या गोळ्या. बिडी बंद, कारण तंबाखूने नसा आणखी आवळतात. आणि बाकी काही नाही. 'डॉक्टर म्हणतात, थांबायचं.'

हे थांबायचं प्रकरण आम्हाला कळेना. गावात पाय काळा पडलेली माणसं आम्ही पाहिली होती. साखरेचे रोगी, साप चावलेले. काळं पडलं की धुळ्याला सिव्हिलला नेतात आणि कापतात, नाहीतर विष वर चढतं, एवढं आमचं ज्ञान. पोराची बोटं महिना-महिना काळी आहेत आणि डॉक्टर नुसते बघताहेत? आबा म्हणाले, लिहा. आणि मी, बी. ए., गावातला शिकलेला माणूस, लिहून मोकळा झालो: 'तरी डॉक्टरसाहेबांस विनंती करून लवकर ऑपरेशन करून घ्यावे, विलंब लावू नये.'

त्याने ते पत्र तिथल्या सर्जनला दाखवलं होतं, हे मला आता कळलं. सर्जन मराठी नव्हते, याने हिंदीत सांगितलं. ते रागावले नाहीत. पायाशी बसून बोटाने रेघ दाखवली. काळं कुठे संपतं आणि गुलाबी कुठे सुरू होतं. ती रेघ अजून सरकतेय, म्हणाले. वरून काळं कवच दिसतं, आत जिवंत मांस असू शकतं. मी आज कापलं तर अंदाजाने कापेन आणि तुझा अर्धा तळवा जाईल. रेघ थांबली की शरीरच सांगेल कुठे कापायचं. शल्यचिकित्सकांत एक जुनी म्हणच आहे म्हणे, जानेवारीत गोठलं तर जुलैत कापा. काळं कोरडं आहे, ओलं नाही, वास नाही, ताप नाही, तोवर थांबणं हाच उपचार. ओलं झालं, पू झाला, तर मात्र त्याच दिवशी कापू.

म्हणजे आमच्या गावातलं ज्ञान चुकीचं नव्हतं, ते ओल्या सडण्याचं ज्ञान होतं. १९५० साली मॉरिस एर्झोग हा फ्रेंच गिर्यारोहक अन्नपूर्णा चढून आला, आठ हजार मीटरवरचं जगातलं पहिलं सर झालेलं शिखर. हातमोजे हरवले, हातपाय गोठले. परतताना पावसाळा लागला. उकाड्यात, चिखलात, पाठुंगळीवर नेताना जखमा सडल्या. त्यांचे डॉक्टर ऊदो यांना वाटेत, अगदी आपल्याकडच्या रेल्वेच्या डब्यातसुद्धा बोटं कापत यावं लागलं. लेहच्या कोरड्या थंडीत जी वाट बघता येते ती तराईच्या जुलैत बघता येत नाही.

आमच्या पोराची रेघ थांबली आणि मग शस्त्रक्रिया झाली. सात बोटं गेली, तळवे वाचले. त्यानंतर पुण्याच्या आर्टिफिशियल लिंब सेंटरला पाठवलं. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली सुरू झालेली ही लष्करी संस्था. पाय गेलेल्या जवानांना पाय देणारी. आपल्याला वाटतं बोटं काय, छोटीशी गोष्ट. पण अंगठा नसला की पाऊल उचलताना मागून रेटा मिळत नाही, उतारावर तोल जातो. तिथे त्याच्या पायाचा साचा घेऊन बुटात बसणारी गादी करून दिली आणि पुन्हा चालायला शिकवलं. पुढे बसकं काम मिळालं, २००७ साली पेन्शनीत आला.

हे सगळं ऐकून नातीने वही आणली. (ती हल्ली डॉक्टर व्हायचं म्हणते. मागच्या वर्षी अंतराळवीर होती.) तिने विचारलं, "म्हणजे हात-पाय गोठले तर चोळायचे ना जोरात? गरम होतात ना चोळल्यावर?"

"नाही," तो पटकन म्हणाला. "चोळायचं नाही. कधीच नाही." आणि माझ्याकडे बघून खाली बघितलं.

मी तेव्हा काही समजलो नाही. संध्याकाळी त्याला स्टँडवर सोडायला गेलो. गाडीला अवकाश होता, चहा घेतला. मीच विचारलं, मघाशी असं का बघितलंस? तो टाळत होता. मग म्हणाला, "सर, तुम्ही स्काऊटच्या तासाला शिकवलं होतं. आठवतं का?"

आठवलं. १९८५-८६ चं साल असेल. स्काऊटचं काम माझ्याकडे होतं. शाळेच्या कपाटात प्रथमोपचाराचं एक जुनं पुस्तक होतं, मुखपृष्ठ फाटलेलं. त्यातली प्रकरणं मी क्रमाने घ्यायचो: बुडणे, भाजणे, सर्पदंश, उष्माघात, हिमदंश. मार्च महिना, बाहेर चाळीस अंश, पत्रे तापलेले, आणि मी पोरांना हिमदंश शिकवतोय. पोरं हसत होती. मीही हसत होतो. उपाय काय, तर गोठलेला भाग बर्फाने हलके चोळावा. मी फळ्यावर लिहिलं होतं. तोंडी परीक्षेत विचारलंही होतं.

"सैन्यात बर्फावर चढण्याआधी बेसला ट्रेनिंग देतात, सर. चोळायचं नाही, ते पुन्हापुन्हा सांगतात. मला पाठ होतं. पण त्या सकाळी डोकं चालत नव्हतं. बूट काढला, डावा पाय पांढरा मेणासारखा दिसला, आणि आठवलं ते तुमच्या फळ्यावरचं. मी बर्फ घेतलं आणि चोळत बसलो. खसाखसा. कातडी निघाली तरी कळलं नाही. उजव्या पायाला हात घातला तेवढ्यात नर्सिंग असिस्टंट ओरडला."

डाव्या पायाची पाच बोटं. उजव्याची दोन.

मी चहाचा कप खाली ठेवला. त्यालाच माझी समजूत घालावी लागली. "सर, तो डावा पायच बर्फात रुतला होता ना. मोजा त्याचाच ओला होता. तो जाणारच होता. डॉक्टरपण तसंच म्हणाले." असेल तसं. नसेलही. चोळल्याने आतले स्फटिक पेशी फाडतात आणि बधिर कातडी सोलली जाते, हे आता मी वाचलंय. किती बोटं ओल्या मोज्याची आणि किती माझ्या फळ्याची, हा हिशेब कोणी मांडू शकणार नाही.

घरी आल्यावर झोप लागेना. हे चोळायचं आलं कुठून ते मुलाच्या मदतीने शोधलं. सापडलं ते वाचून हसावं की रडावं कळेना. १८१२ साली नेपोलियनचं सैन्य मॉस्कोहून माघारी फिरलं, ते प्रकरण मी पस्तीस वर्षं दरसाल शिकवलं. त्या सैन्यात लारे नावाचे मोठे सर्जन होते. त्यांनी पाहिलं की सैनिक रात्री गोठलेले पाय शेकोटीजवळ धरतात, बधिर असल्याने भाजलेलं कळत नाही, दिवसा पुन्हा बर्फातून चालतात आणि पाय सडतात. पाहिलं ते अगदी खरं. त्यावरून त्यांनी काढलं, की ऊबच वाईट, बर्फानेच हळूहळू चोळावं. हे चुकलं. एवढ्या मोठ्या माणसाने म्हटलं म्हणून पुढची जवळजवळ दीडशे वर्षं पुस्तकांतून ते चालत राहिलं. अलास्कातले डॉक्टर विल्यम मिल्स यांनी १९६० च्या सुमारास कोमट पाण्यात भराभर ऊब देण्याची पद्धत रोग्यांवर वापरून दाखवली, तेव्हा कुठे मत फिरलं. मी १९८५ मध्ये शिकवत होतो! पुस्तकाचं मुखपृष्ठ फाटलेलं होतं, साल कोणतं ते मी पाहिलंच नव्हतं.

अजून थोडं वाचलं. गोठण्याने जेवढं नुकसान होतं त्यात भर पडते ती वितळल्यानंतर, जेव्हा बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात. म्हणून आता हार्ट अटॅकला देतात तसलं गुठळी विरघळवणारं औषध, पण ते पहिल्या चोवीस तासांत द्यावं लागतं. आणि इलोप्रोस्ट नावाचं, नसा मोकळ्या करणारं, सलाईनमधून द्यायचं. फ्रान्समधल्या शामोनीच्या डॉक्टरांनी त्याचे चांगले परिणाम २०११ मध्ये प्रसिद्ध केले, आणि अमेरिकेत फेब्रुवारी २०२४ मध्ये तीव्र हिमदंशावरचं पहिलं औषध म्हणून त्याला मान्यता मिळाली. आपल्या डीआरडीओने कोरफडीचं एक मलमही केलंय, 'अलोकल' नावाचं, जवान ते आधीच लावून ठेवतात. आमच्या अंगणात चार कुंड्या भरून कोरफड आहे, सौ. केसांना लावते.

या सगळ्यात माझ्या मनात राहिला तो चौकीवरचा ओरडणारा नर्सिंग असिस्टंट. फेब्रुवारी २०१६ मध्ये सियाचीनच्या सोनम चौकीवर हिमकडा कोसळून दहा जवान गाडले गेले. सहा दिवसांनी जिवंत सापडलेल्या हणमंतप्पांचं नाव सगळ्यांना आठवतं. त्या दहांत आपल्या सातारा जिल्ह्यातले सुनील सूर्यवंशी होते, नर्सिंग असिस्टंट. तेव्हा बातमी वाचून मी पान उलटलं होतं. आता तसं उलटता येत नाही. त्यांच्यासारखाच कोणीतरी ओरडला म्हणून आमच्या पोराचा उजवा पाय चोळायचा राहिला.

परवा रात्री मी त्याला फोन केला. विचारलं, अरे, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं झाली, आधी का नाही सांगितलंस? मी रागावलो असतो का?

तो म्हणाला, "सर, आबांना पत्र वाचून दाखवायला तुम्हीच होता. पत्रात कसं लिहू?"

मला काही बोलता येईना. त्यालाही ते जाणवलं असावं. म्हणाला, "सर, रात्रीची लाईट आलीय, गव्हाला पाणी द्यायचंय, मोटार चालू करायला जातो." तिकडे धुळ्यात पारा सहा-सातवर, आणि वीज येते रात्रीच. मी म्हटलं, दोन मोजे घाल, गमबूट घाल, आणि बांधावर शेकोटी केलीस तर लांब बस.

"घातलेत सर," तो म्हणाला. "कोरडे आहेत."